शुक्रवारचं तीन पंधराचं विमान

१

विलो नॅरोज ते ग्रे ऑटर, एकशे अठ्ठेचाळीस किलोमीटर. विमानाने पस्तीस मिनिटं. गाडीने किती, असं विचारायची सोयच नाही, कारण रस्ता नाही. उन्हाळ्यात होड्या चालतात, जानेवारीत तळी गोठली की बर्फावरून ट्रक धावतात. मधले ऑक्टोबर-नोव्हेंबर मात्र असे, की पाणी धड पाणी नाही आणि बर्फ धड बर्फ नाही. तेव्हा उत्तर ऑन्टॅरिओतल्या या दोन मूठभर वस्त्यांना आभाळाखेरीज वाट नसते.

निसिम तळकर ग्रे ऑटरच्या धावपट्टीवर रेडिओच्या खोलीत बसायचा. वय एकसष्ट. घराणं अलिबागकडचं, बेने इस्राएल ज्यू, जन्म भायखळ्याचा, आणि निम्मं आयुष्य टोरांटोच्या विमानतळावर गेलेलं. बायको एस्सी नर्स. मुलगी तमार रिचमंड हिलला संसारात रमली, तेव्हा या दोघांनी उत्तरेतल्या नोकऱ्यांना अप्लाय केलं. "यू गाईज आर क्रेझी," तमार म्हणाली होती. असतील बापडे. रेडिओच्या खोलीमागेच दोन खोल्यांचं घर होतं, हीटर चांगला होता आणि कुणाची कटकट नव्हती.

विलो नॅरोजला नर्स नव्हती. म्हणून एस्सी दर बुधवारी तिकडे जायची आणि शुक्रवारी दुपारी दोन चाळीसच्या विमानाने परतायची. नऊ सीटांचं, एका पंख्याचं विमान. चालवायला वॉल्टर, कमी बोलणारा पन्नाशीचा गडी. निसिमचं काम सोपं. तिकडच्या धावपट्टीवरून डोरीनचा फोन आला की वहीत सुटल्याची वेळ लिहायची. वारा आणि ढग सांगायचे. उतरलं की उतरल्याची वेळ लिहायची.

काम सोपं, पण त्या शेवटच्या आकड्यात जीव होता. ती वेळ लिहिली नाही तर तासाभराने शोध सुरू होतो. आणि एकदा लिहिली, की ते विमान जगाच्या लेखी घरी आलं. मग आभाळाकडे कुणी मान वर करून बघत नाही.

आणखी दोन गोष्टी या घरात दर शुक्रवारी ठरलेल्या. उतरायला दहा मिनिटं उरली की वॉल्टर आपला माइक एस्सीच्या हातात द्यायचा आणि रेडिओवर आवाज यायचा, "अहो, चहा ठेवा." निसिम दर वेळी चिडायचा. रेडिओ काय चहासाठी आहे? पण चिडता चिडता किटली चालू करायचा. दुसरी गोष्ट शब्बाथची, ज्यूंच्या शनिवारच्या विसाव्याची. सूर्य मावळायच्या आत एस्सी काचेच्या पेल्यात तेलाचा दिवा लावायची आणि त्याआधी निसिम पेन ड्रॉवरमध्ये टाकायचा. दिवा लागल्यावर शनिवारच्या चांदण्या दिसेपर्यंत एक अक्षर लिहायचं नाही आणि एक अक्षर खोडायचं नाही, हे त्याने मरणाऱ्या बापाला कबूल केलं होतं. बाकी धर्मात तो यथातथाच. पण हे मात्र त्याने पाळलं.

२

ऑक्टोबरच्या एका शुक्रवारी विमान तीन एकोणीसला उतरलं.

चार मिनिटं म्हणजे काही आभाळ कोसळत नाही. वारा असेल, म्हणून त्याने बाहेर बघितलं तर वाऱ्याची पिशवी खांबावर लोळागोळा होऊन पडलेली. एस्सी आत आली. दाराच्या उजव्या चौकटीवर बोटभर मेझुझा ठोकलेली होती, आत प्रार्थनेची चिठ्ठी असलेली. हातमोजा काढून तिने तिला बोटं लावली, बोटं ओठांना नेली. थंडीतून उबेत आल्याबरोबर तिचा चष्मा धुरकटला आणि ती नेहमीसारखी करवादली, "हा मेला चष्मा!"

"चार मिनिटं उशीर झाला," निसिम म्हणाला.

"कुठे?" तिने मनगट पुढे केलं. घड्याळात तीन सोळा. म्हणजे विमानापासून दारापर्यंत चालत यायचं एक मिनिट धरलं, तर उतरली ती बरोबर तीन पंधराला.

निसिमने भिंतीवरचं घड्याळ पाहिलं. तीन वीस. ते घड्याळ उपग्रहावरून वेळ घेतं, चुकायचा प्रश्न नाही. त्याने एस्सीचं घड्याळ लावून दिलं आणि विषय सोडला. पण वही पुढे ओढून तीन एकोणीस लिहायच्या ऐवजी त्याने तीन पंधरा लिहिलं.

का? तर मागच्या वर्षी त्याने एकदा विमान आलं नाही म्हणून बोंब ठोकली होती आणि विमान तेव्हा शेडमागे उभं होतं. शोधाचं विमान थेट दक्षिणेतून येऊन गेलं. ऑफिसचा साहेब फोनवर हसत म्हणाला होता, पुन्हा असं झालं तर म्हाताऱ्याला रिचमंड हिलला नातवंडं सांभाळायला पाठवू. ते हसणं निसिमच्या मनात काट्यासारखं राहिलं होतं. नेहमीचा आकडा लिहिला की कुणी काही विचारत नाही.

३

पुढच्या शुक्रवारी चव्वेचाळीस मिनिटं लागली. त्याच्या पुढच्या शुक्रवारी बावन्न.

त्या बावन्नच्या दिवशी निसिम माइक हातात धरून बसला होता. तीन पंधरा झाले, तीन वीस झाले, रेडिओ नुसता खरखरत होता. त्याने चार वेळा हाका मारल्या. उत्तर नाही. आणि तीन बावीसला, काही झालंच नाही अशा थाटात, "अहो, चहा ठेवा."

उतरल्यावर तो स्वेटरवरच धावत विमानापाशी गेला.

"वॉल्टर, कुठे होतास?"

"कुठे म्हणजे? सरळ आलो."

"बावन्न मिनिटं झाली, बाबा."

वॉल्टरने त्याच्याकडे लहान पोराकडे बघावं तसं बघितलं आणि पंख्याच्या तासांचा मीटर दाखवला. इंजिन पस्तीस मिनिटं चाललं होतं. तेलही पस्तीस मिनिटांचंच जळलं होतं. वॉल्टरच्या हातातलं घड्याळ म्हणत होतं, तीन सोळा.

आता तुम्हीच सांगा, शहाण्या माणसाने काय करावं? विमानातली घड्याळं, इंजिनाचा मीटर, टाकीतलं तेल, सगळे एका बाजूला. दुसऱ्या बाजूला एकटं भिंतीवरचं घड्याळ आणि एक म्हातारा. निसिमने मनाशी हिशेब मांडला, की बहुमत पस्तीसचं आहे. इंजिन सतरा मिनिटं बंद राहून विमान आभाळात लटकत नाही. म्हणजे ती सतरा मिनिटं झालीच नसणार. त्याने तिसऱ्यांदा तीन पंधरा लिहिलं. अक्षर मात्र वाकडं आलं.

रात्रीच्या जेवणाला बसल्यावर त्याने एस्सीला सगळं सांगितलं. ती आधी हसली आणि मग तिने त्याच्या कपाळाला हात लावून बघितला.

"वाटेत काही दिसतं का तुला?" त्याने विचारलं.

"ढग दिसतात. झाडं दिसतात. मध्येच एकदा..." ती थांबली. "मध्येच एकदा फार शांत होतं. पंखा फिरताना दिसतो, पण आवाज नाही. कानात दडे बसतात हो, दुसरं काय."

"पुढच्या बुधवारी जाऊ नकोस."

"अहो, तिथे एक पोरगी आहे आठव्या महिन्यातली, पाय सुजलेत तिचे. मी नाही गेले तर कोण जाणार, तुम्ही?" तिने त्याच्या ताटात आमटी वाढली. "येते म्हटलं की येते मी. आजवर कधी आले नाही असं झालंय?"

तमारला फोन केला तर ती म्हणाली, "डॅड, यू आर टायर्ड. कम होम." घरात कुणी आपल्याला खुळा समजत असेल तर भीतीसुद्धा एकट्यालाच खावी लागते.

४

चौथ्या शुक्रवारी सकाळपासून बर्फ भुरभुरत होतं. दोन चाळीसला डोरीनचा फोन आला, "सुटलं. सहा जण आहेत, तुझी बायको धरून. ती पोरगी पण येतेय, तुमच्याकडच्या डॉक्टरला दाखवायला."

निसिमने सुटल्याची वेळ लिहिली आणि भिंतीवरच्या घड्याळासमोर खुर्ची ओढून बसला.

तीनला पाच कमी असताना ऑफिसचा फोन वाजला. साहेब घाईत होता. "निसिम, आठवड्याचा कागद बंद करून निघतोय मी. शुक्रवारचं नेहमीचंच टाकू ना? तीन पंधरा, उतरलं?"

विमान अजून आभाळात होतं. नाही म्हणायचं, थांब म्हणायचं, एवढंच होतं. निसिमच्या तोंडात 'थांब' आलाही होता. पण थांब म्हटलं तर का म्हणून विचारणार, आणि का ते सांगितलं तर पुन्हा ते हसणं. शिवाय मनात खोल कुठेतरी, कबूल करायला लाज वाटेल असं एक वाटलं त्याला. आधीच लिहून टाकलं तर कदाचित येईलही वेळेवर. मुलाच्या निकालाआधी पेढे आणून ठेवतात ना, तसं.

"टाक," तो म्हणाला. आणि फोन ठेवून वहीत लिहिलं, उतरलं, तीन पंधरा.

मग तो बसून राहिला. तीन पाच. तीन दहा. तीन चौदाला ढगाखाली दिवा दिसला आणि बरोबर तीन पंधराला विमान धावपट्टीवर उतरलं.

निसिमचा जीव भांड्यात पडला. तो मोठ्याने हसला, एकटाच. डोळ्यांत पाणी आलं, ते बाहीने पुसलं. वेडा रे वेडा, स्वतःलाच म्हणाला, तीन आठवडे उगाच उरावर दगड घेऊन फिरलास. आणि किटली चालू केली.

किटली चालू करताना त्याच्या मनात काहीतरी अडलं, पण काय ते त्याला कळलं नाही.

५

खिडकीतून विमान दिसत होतं. पंखा थांबला होता. उतारू उतरले आणि पंखाखाली ओळीत उभे राहिले. एरवी लोक उतरल्याबरोबर सामानासाठी झोंबतात, सिगारेट पेटवतात, कुणाच्या तरी गाडीला हात करतात. हे नुसते उभे होते. वॉल्टरही आपल्या जागेवरून उठला नव्हता. एकटी एस्सी, तिच्या निळ्या पार्कात, त्या टोपीवाल्या जाड कोटात, खोलीकडे चालत येत होती.

दार उघडलं. तिने हात वर केला, डाव्या चौकटीवरच्या कोऱ्या लाकडाला बोटं लावली, हातमोज्यासकट, आणि ओठांना नेली.

"अगं, तिकडे काय?" निसिम हसत म्हणाला.

ती काही बोलली नाही. दमली असेल. तिला खुर्ची दिली, चहाचा कप दिला. तिने तो दोन्ही हातांत धरला. निसिम समोर बसून बडबडत राहिला, की पाहिलंस ना, बरोबर तीन पंधरा, आणि ती पोरगी कशी आहे, आणि दिव्याला तेल काढून ठेवलंय. ती मान हलवत होती. हळूहळू त्याच्या लक्षात यायला लागलं, की तिचा चष्मा धुरकटला नाहीये. बाहेर उणे अठरा, आत हीटर धगधगतोय, आणि काचा लख्ख.

मग चौकट आठवली. मेझुझा डावीकडे दिसते खरी, पण कुणाला? जो या खोलीत, या खुर्चीवर बसून दाराकडे बघतो त्याला. चार वर्षं निसिमला ती तशीच दिसत आली होती. बाहेरून येणाऱ्याच्या ती उजव्या हाताला असते. या बाईला दार निसिमच्याच खुर्चीवरून ठाऊक होतं.

घड्याळात तीन पस्तीस झाले होते.

रेडिओ खरखरला. वॉल्टरचा आवाज आला, "ग्रे ऑटर, दहा मिनिटांत पोचतोय, सहा जण." मग माइक हातातून हातात जातानाची खडखड. आणि मग...

"अहो, चहा ठेवा."

किटली लावताना काय अडलं होतं ते निसिमला आता कळलं. आज त्याला कुणी चहा ठेवायला सांगितलंच नव्हतं.

समोरची बाई कपातून डोळे वर करून त्याच्याकडे बघत होती. एस्सीचेच डोळे. उजव्या भुवईतला कांजिण्यांचा व्रणसुद्धा होता. पण तोही भलत्याच बाजूला, डावीकडे.

"अहो, ऐकताय ना?" रेडिओ म्हणाला. "ढग फार आहेत. वॉल्टर विचारतोय, पट्टी मोकळी आहे का?"

पट्टी मोकळी नव्हती. पट्टीच्या मधोमध तेच विमान उभं होतं. पंखाखालच्या पाचही जणांनी आता खिडकीकडे तोंडं वळवली होती. ढगांतून खाली येणाऱ्याला ते वेळेत दिसणार नव्हतं. आणि वर फिरत राहा म्हणावं, तर तेल किती वेळ पुरणार? आदळलं किंवा रानात कुठे पडलं, तरी शोधायला कोणी येणार नव्हतं. त्या विमानातले सगळे तीन पंधरालाच घरी आले होते. निसिमनेच तसं लिहिलं होतं.

त्याने वही ओढली, पेन उचललं.

बाईने वहीच्या पानावर हातमोजा ठेवला. पहिल्यांदाच बोलली, एस्सीच्याच आवाजात, अगदी हलकेच.

"खोडू नका हो. खोडलंत तर मी कुठे जाऊ?"

बरं, तिच्या डोळ्यांत पाणी होतं. तेच सगळ्यात वाईट. निसिमला रडू फुटलं. त्याने तो हात बाजूला सारला. हातमोजा रिकाम्या पिशवीसारखा सरकला. मग डोळे मिटून त्याने त्या ओळीवर काट मारली, कागद फाटेपर्यंत.

डोळे उघडले तेव्हा खुर्ची रिकामी होती. चहावर साय धरली होती. खिडकीबाहेर पट्टी पांढरी, कोरी, तिच्यावर चाकाची एक रेघ नव्हती.

"मोकळी आहे!" तो माइकमध्ये ओरडला. "ये! ये तू, मोकळी आहे!"

६

विमान तीन पंचेचाळीसला उतरलं. उतारू सामानासाठी झोंबले. पाय सुजलेल्या पोरीला कुणाचीतरी गाडी घेऊन गेली. एस्सी आली, उजव्या चौकटीला उघडी बोटं लावली, चष्मा धुरकटला, "हा मेला चष्मा!" निसिमने तिला पार्कासकट घट्ट धरलं. चार वर्षांत, चाळीस वर्षांत म्हणा, त्याने असं केलं नव्हतं.

"अहो, काय झालंय काय तुम्हाला? सोडा, दिव्याची वेळ होतेय." मग टेबलाकडे बघून, "हा कप कुणाचा? कोण आलं होतं?"

"कोणी नाही."

"आणि पायरीवर ठसे आहेत ते? आत येणारेच आहेत नुसते, बाहेर जाणारे नाहीत."

निसिमने वहीत स्वच्छ अक्षरात तीन पंचेचाळीस लिहिलं, ऑफिसच्या फोनवर निरोप ठेवला, पेन ड्रॉवरमध्ये टाकलं. सव्वाचार वाजता एस्सीने दिवा लावला. आजूबाजूला संध्याकाळ निळी पडत होती. तिने ज्योतीभोवती हात फिरवले, तळवे डोळ्यांवर धरले आणि पुटपुटायला लागली. तिच्या त्या पुटपुटण्याने निसिमला तीन आठवड्यांत पहिल्यांदा बरं वाटलं.

वही उघडीच राहिली होती. मिटायला म्हणून त्याने हात लावला आणि त्याची नजर काट मारलेल्या ओळीच्या वर गेली.

तीन पंधरा. तीन पंधरा. तीन पंधरा.

तीन शुक्रवार. एकदाही विमान तीन पंधराला आलं नव्हतं, आणि तिन्ही वेळा त्याने ते आलं असं लिहून ठेवलं होतं.

त्याने खिडकीबाहेर बघितलं. पट्टीच्या पलीकडच्या टोकाला, काळ्या झाडांपाशी, एक निळा पार्का उभा होता. त्याच्या मागे थोड्या अंतरावर दुसरा. तिसरा दिसेना. बराच वेळ दिसेना. मग बाहेरची लाकडी पायरी वाजली.

निसिमचा हात ड्रॉवरवर गेला आणि तिथेच थांबला. दिवा लागला होता, पण बाप आज आडवा आला नसता. बापाने माफ केलं असतं. हात थांबला तो दुसऱ्याच विचाराने. आजची ओळ खोडली तेव्हा खरी एस्सी अजून वर होती, म्हणून गेली ती दुसरी. पण त्या तिन्ही शुक्रवारी खरी एस्सीही याच दारातून आत आली होती. ती आल्याची लेखी नोंद कुठे होती? त्याच तीन ओळींत. त्या खोडल्या तर कोण जाणार होतं, आणि कोण राहणार होतं?

दाराबाहेर कुणीतरी हातमोजा घातलेला हात लाकडावरून फिरवत होतं. सावकाश, चाचपत, ज्या चौकटीवर काही नाही त्या चौकटीवर.

एस्सीचे तळवे अजून डोळ्यांवर होते. प्रार्थना संपेपर्यंत ती ते काढत नसे.

"अहो," तळव्यांमागूनच ती म्हणाली, "बघा ना, कोण आलंय."